आतोबांचा आकार

माझ्या आत्याने वीस वर्षं संगमरवरातून प्रतिष्ठित माणसांची नाकं काढली. ती शिल्पकार. निवृत्त डॉक्टर, न्यायाधीश, शाळा काढणारे, सगळे तिच्या कार्यशाळेत खांद्यापर्यंत तयार होऊन उभे असत.

एका दिवंगत मुख्याध्यापकांचा पुतळा पुरा होत आला आणि छिन्नी घसरून नाक उडालं. आत्याने गाल जरा आत घेतले. मग कान फार पुढे आलेले दिसू लागले, म्हणून तेही उतरवले. हनुवटी गेली, टक्कल सपाट झालं. चार दिवसांनी तिच्यापुढे एक गुळगुळीत, काटेकोर घन उरला.

मुख्याध्यापकांच्या पत्नी आल्या. त्यांनी घनाभोवती फेरी मारली आणि रुमाल डोळ्यांना लावला.

"अगदी हेच! कुठल्याही बाजूने समजावा, ऐकून म्हणून घेणार नाहीत."

"आई, बाबांना नाक होतं," मुलगा म्हणाला.

"होतं की. दुसऱ्यांच्या कामात खुपसायला."

घन शाळेच्या दारात बसला. त्याच्यासमोरून जाताना मुलं आपोआप शर्ट खोचू लागली. आत्याने नाकांना कायमचा रामराम ठोकला.

गिऱ्हाइकं वाढली, तशी भांडणंही. एका वकिलांना पिरॅमिड व्हायचं होतं. आत्याने त्यांना तासभर न्याहाळलं आणि सांगितलं, "तुम्ही नळकांडं आहात." वकिलांनी तडक दावा ठोकला. पण न्यायाधीश आदल्याच महिन्यात आत्याकडून शंकू होऊन गेले होते. ते म्हणाले, "आतून पोकळ की भरीव, एवढंच कोर्टाला ठरवायचंय."

आत्याचे यजमान, आमचे आतोबा, हे सगळं चहा देता देता बघत. एकदा त्यांनी भीत भीत विचारलं, "आणि मी गं?"

आत्याने छिन्नी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. सव्वीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. तिने त्यांना गोल केलं, पण गोल गडगडत जिन्यापर्यंत जाई आणि आतोबा तर कुठेच जात नसत. सहा कोनांचा खांब फारच कर्तबगार वाटला. वर्षभरात एकोणीस आकार झाले आणि ती रडकुंडीला आली.

"जरा एकसारखे राहा ना! सकाळी एक असता, संध्याकाळी दुसरेच."

"मी खुर्चीतच होतो गं."

फसलेले एकोणीसही आकार संग्रहालयाने नेले. दर रविवारी आतोबा तिथे जातात. पहारेकरी त्यांना तिकीट मागत नाही, उलट लोकांना सांगतो, "हे विसावे."

आतोबा चौदाव्या आकारापुढे थांबतात, मागे हात बांधून बराच वेळ बघतात आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणतात, "हा त्यातल्या त्यात बरा आहे. पोट मात्र जरा जास्तच घेतलंय."