सुनंदाबाईंची गोळी

दवाखान्यातली औषधं संपतात, किस्से संपत नाहीत! मी पांढरकवड्यात बायकांची डॉक्टर. पाळी जाण्याच्या वयात अंगातून एकदम वाफा निघतात, घाम फुटतो, झोप उडते. त्या बायका किस्से घेऊन येत नाहीत हो. किस्से सोबत येणाऱ्यांचे असतात!

*

मे महिन्यात एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. "अंगाची आग होते म्हणते. मे मयन्यात कोनाची नाही होत?"

"डिसेंबरात काय म्हणत होत्या?"

"तेच. पन थंडीत कायची आग? मी मनावरच नाही घेतलं!"

*

"रात्री झोप लागते का?" मी एका बाईंना विचारलं. उत्तर नवऱ्याने दिलं. आपल्याकडे तशीच पद्धत!

"मस्त झोपते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी रात्री कधी उठलोच नाही ना, मॅडम!"

*

एक सासूबाई सुनेसोबत आल्या. "आमच्या टायमाले हे नखरे नोहते."

"तुम्हाला काहीच त्रास झाला नाही?"

"बिलकूल नाही. मी आंगनात झोपत होती."

"हिवाळ्यातही?"

"हो. लुगडं ओलं करून!"

सून खाली मान घालून हसत होती.

*

मारेगावकडच्या सुनंदाबाई मात्र रडकुंडीला आल्या होत्या. "मले फक्त झोप पाह्यजे, मॅडम." मला फार वाईट वाटलं. सगळ्या तपासण्या केल्या आणि हार्मोनची गोळी लिहून दिली. त्यांचे यजमान देवराव दचकले.

"हार्मोन? साइड इफेक्ट असन ना?"

धोके काय, फायदा काय, सगळं समजावलं. तरी चेहरा तसाच.

"देवराव, कपाशीची पाती-फुलं गळू नयेत म्हणून फवारता, तेही हार्मोनच ना? तेव्हा दुकानदाराला साइड इफेक्ट विचारता?"

"ते तं पीक हाय, मॅडम. त्याले थांबून कसं चालन?"

शेवटी कुरकुरत गोळ्या घेऊन गेले.

*

पुढच्या तपासणीला देवराव खुशीत आले. सोबत सुनंदाबाई आणि देवरावांच्या मोठ्या भावाची बायको.

"एक नंबर गोळी, मॅडम! वाफा बंद, झोप शांत!"

मी सुनंदाबाईंकडे पाहिलं. डोळ्यांखालचं काळं तसंच होतं.

"गोळी घेतली ना?"

"मले भेटलीच नाही."

देवरावांनी मलाच समजावलं. "नवीन औषध आमी एकदम पूर्न वावरात मारत नाही. पह्यले एका ओळीवर मारून पाहतो. म्हनून वयनीले देल्ली!"

मी कपाळाला हात लावला. तपासण्या एकीच्या आणि गोळी दुसरीला! वहिनींचं बीपी तरी कोणी पाहिलं होतं का? "अहो, बायकोची गोळी बायकोलाच का नाही दिली?" मी ओरडलेच.

"तिले काही झालं असतं तं सैपाक कोनं केला असता?"

वहिनी शेजारीच बसलेल्या! मी वहिनींची गोळी तिथंच बंद केली, त्यांना तपासणी लिहून दिली आणि नवीन स्ट्रिप सुनंदाबाईंच्या हातात ठेवली. त्यांनी ती नवऱ्याकडे न पाहता पोलक्यात खोचली.

मग वहिनी उठल्या.

"चाल सुनंदे. आज सैपाक भाऊजी करतीन. पह्यला घास त्यायलेच देऊ. रातभर काही झालं नाही, तं सकाळी आपुन जेवू!"