बसलेल्या शेळीचा सेल

नेकनूरकडच्या माळावर शेळ्या राखणारी एक अक्का आहे. आधी तिचं सांगतो, मग माझं. त्या दुपारी ती बोलली नसती, तर नववीत शाळा सोडलेला मी आज पुन्हा कोकणात मामाच्या अंगणात नारळ सोलत बसलो असतो.

माझं काम शेळ्यांच्या गळ्यात टॅग बांधायचं. टॅग काडेपेटीपेक्षा लहान, आत रुपयाच्या नाण्याएवढा बटन सेल. शेळी हलली की टॅग जागा होतो आणि गोठ्यावरच्या डब्याला निरोप पाठवतो. शेळी स्वस्थ बसली की तोही झोपतो. कोणती शेळी चरत नाही, कोणती आजारी, हे मग मोबाईलवर कळतं. एवढासा सेल वर्षभर पुरतो तो या झोपेवरच.

आणि माझे सेल तीन आठवड्यांत बसत होते.

पुण्याहून कंपनीच्या साहेबांचा फोन आला. "या महिन्यातही सेल गेले, तर तुझी जागा राहणार नाही." मी "हो साहेब" म्हटलं आणि हातातला चहा तसाच ठेवला. घरी आईला नोकरी लागल्याचं सांगून चारच महिने झाले होते. मीटर लावला की काढलेला सेल बरा दिसायचा, टॅगमध्ये घातला की निरोप पाठवतानाच दम टाकायचा. मला वाटलं, मालच खराब. नवे सेल मागवले. तेही गेले.

त्या दुपारी अक्काच्या शेळ्या बाभळीखाली बसून रवंथ करत होत्या. मी मोबाईल उघडून बघत होतो. अक्का मागून डोकावली.

"काय दावतंय रं तुझं डबडं?"

"कोण बसलंय, कोण चालतंय ते. ही काळी बघा, चालतेय."

अक्का आधी काळीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. काळी डोळे मिटून तोंड हलवत बसली होती.

"बसल्याली शेळी चालाया लागली व्हय? शिकल्याली मान्सं हायेत बाबा तुमी, आमाला काय कळतंय!"

"मी कुठं शिकलोय, अक्का."

"मंग तर लाजायचं कामच न्हाई. अजून कोन कोन चालतंय, सांग."

मी सांगत गेलो, ती बोटानं शेळ्या दाखवत गेली. सात निघाल्या. सातही बसलेल्या, सातही जणींच्या गळ्यात घुंगरू.

चूक माझीच होती. कंपनीनं टॅगसोबत प्लास्टिकचे पट्टे दिले होते. पण शेळ्या एकमेकींच्या गळ्यातले पट्टे चावून तोडायच्या. म्हणून जिच्या गळ्यात घुंगरू, तिचा टॅग मी सरळ घुंगराच्या दोरीत ओवला होता, फार डोकं चालवलं असं समजून. घुंगराची दोरी इथं मुद्दाम सैल बांधतात, नाहीतर ते वाजणार कसं? शेळीनं नुसता जबडा हलवला तरी घुंगरू डुलायचं, टॅग जागा व्हायचा आणि ती चालतेय म्हणून निरोप धाडायचा. बिचाऱ्याला झोपच मिळत नव्हती.

अक्कानं बोचक्यातून शेळीच्या केसांची विणलेली पट्टी काढली. "ह्याला त्या तोंड लावत न्हाईत. आपल्याच केसाचा वास." टॅग तिनं पट्टीत घट्ट शिवला आणि काळीच्या मानेला बांधला, दोन बोटं जातील एवढाच सैल. मी मोबाईलकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं काळीच्या नावापुढं आलं: बसली आहे.

"आता कसं," अक्का म्हणाली. "जा, जेवून घे. सकाळपासून तोंड सुकलंय तुझं."

सातही पट्ट्या तिनंच विणल्या. महिना झाला, दोन झाले, सेल टिकले. आता मी माजलगावपर्यंत कळप बघतो आणि नव्या मुलांना शिकवतो. सेल कसा घालायचा, पट्टी किती घट्ट, मला सगळं येतं, हे आज बेधडक म्हणतो.

फक्त एक सलतं. साहेबांनी विचारलं होतं, "ही पट्टीची कल्पना कुणाची?" नोकरी जाईल या धास्तीत मी म्हणालो, "माझी." आता कंपनीच्या माहितीपत्रकात ती माझ्या नावानं छापली आहे. अक्काला वाचता येत नाही, तिनं कधी विचारलंही नाही.

ते नाव मी बदलून घेणार आहे. साहेबांना माळावर आणीन, अक्काला समोर बसवीन आणि तिच्यादेखत खरं सांगीन. आज हिंमत होत नाही. पण हे मी करीन, अक्का.