केर न काढलेलं म्युझियम

माणसं निघून गेल्यावर त्यांचा पाहुणचार सुरू करणारा माणूस अख्ख्या मुळशीत एकच, आणि तो म्हणजे माझे आतोबा. पौडच्या पुढे त्यांच्या गावी एका हिवाळ्यात देशोदेशीची तरुण मंडळी श्रमदानाला आली, गावकऱ्यांबरोबर शाळेच्या भिंती उभ्या केल्या आणि गेली. त्यांनी मागे ठेवलेलं मोडक्या दांड्याचं फावडं, पोचे आलेला मग, बोटं फाटलेले हातमोजे, सगळं आतोबांनी गोठ्याशेजारच्या खोलीत मांडलं आणि तिला म्युझियम म्हणू लागले. आत्या तिला अडगळ म्हणायची, पण हळू आवाजात, कारण वस्तूंना ऐकू जातं असा आतोबांचा दावा होता.

बघायला येणाऱ्याने आधी वस्तूच्या मालकाची परवानगी मागायची. एकदा तलाठ्याने न विचारता मग उचलला. आतोबांनी त्याला बाहेर काढलं, मगाची माफी मागितली आणि मगच परत आत घेतलं. या मगाचा धनी आत्याचा ठेचा खाऊन ढसाढसा रडला होता आणि रडत रडत आणखी मागत होता. ही गोष्ट रंगात येऊन भाकरींचा आकडा वाढला की आतोबा मध्येच थांबत, मगाकडे कान देत आणि म्हणत, "व्हय, व्हय, दोन भाकरी. माजंच चुकलं." मला हसू यायचं आणि अंगावर काटाही यायचा.

खोलीचा केर मात्र कधी काढलेला नव्हता. माणूस गावाला निघालं की त्याच्या पाठीवर लगेच केर काढू नये, ही रीत आपण तासभर पाळतो. आतोबा तो माणूस पोचल्याची खबर येईपर्यंत पाळत. बाकी सगळ्यांची खबर आली होती. त्यांच्याच घरी उतरलेल्या एका उंच, अबोल पोराची तेवढी आली नव्हती. निघताना त्याने आपले बूट आतोबांना देऊन त्यांच्या वहाणा मागून नेल्या होत्या. ते बूटही आतोबांनी खोलीत मांडले आणि तेव्हापासून ते कचेरीतसुद्धा अनवाणी जात. "त्यो घरी पोचू दे, मग बगू," म्हणत. पोटी मूल नसलेल्या या माणसाचा जीव त्या पोरात अडकला होता.

धूळ मोडू नये म्हणून भिंतीकडेने फळी टाकलेली होती. एका उन्हाळ्यात भरदुपारी फळीवरून जाताना मला धुळीत पावलं दिसली. दारापासून बुटांपर्यंत ठसे, टाचेला नाल ठोकलेल्या वहाणांचे. तशी नाल पौडच्या चांभाराने आतोबांच्या त्या वहाणांनाच मारून दिली होती. परत गेल्याची पावलं नव्हती.

"हे कोण आलं होतं?" मी विचारलं.

"पोरगं वाट चुकलंय," आतोबा म्हणाले. "त्येच्या घरची वाट गावंना, म्हनून हितं थांबलंय." आणि फळीवरूनच वाकून बुटांपुढची कालची भाकरी उचलून त्यांनी ताजी ठेवली.

पुढच्या वर्षी आतोबा पुण्याला इस्पितळात गेले ते परत आलेच नाहीत. दिवसकार्य आटोपल्यावर आत्याने मला हाताला धरून त्या खोलीत नेलं. बुटांपासून दाराकडे नालेच्या वहाणांची पावलं गेली होती. त्यांच्या बरोबरीने दुसरी पावलं होती, अनवाणी, डाव्या पायाचा अंगठा वाकडा. तो अंगठा आम्ही दोघंही ओळखत होतो.

"आता झाडते," आत्या म्हणाली. "ह्ये गेलेत त्याला पोचवाया."

तिने कोपऱ्यापासून सावकाश केर काढला. मला आतोबांची फार आठवण आली.

संध्याकाळी एसटीसाठी निघताना मी उंबऱ्यात थबकलो. "आत्या, मी गेल्यावर लगेच केर काढू नकोस."

"तुजी खबर येईस्तवर केरसुनीला हात लावत न्हाई," ती म्हणाली.