दामूदादाच्या गोष्टीचा शेवट

औषधाच्या नव्या कंपनीमागं फुटक्या बाटल्यांचा ढीग हाय. रोज कुणी तरी एक टोपलं ओततंय, ढीग काय कमी व्हत न्हाई. आमच्या लेखक मंडळाचे किस्से तसलेच. एक उचलाया गेलं की चार घसरून पायावर येतात. आन हसत हसत हात घातला तर कापतं बी!

मंडळ म्हंजे काय, आमी चौघं. दामूदादा त्या कंपनीत बाटल्या धुवायचा आन गोष्टी लिहायचा. शंकर टर्नर परभणीकडनं आलेला, त्यो कविता करायचा. मास्तर शाळेत शिकवायचे आन आमाला "लिहिते राहा, लिहिते राहा" म्हणायचे. चौथा मी. सातवी नापास. गावात मला इब्लिस म्हणतात.

मला कशाला घेतलं मंडळात? तर चिंचवडातल्या भिंतींवर मी कोळशानं जे लिहितो ते सारं गाव वाचतं! बाकी तिघांचं एक अक्षर कुणी वाचल्यालं न्हवतं. छापून आल्याबिगर गाजलेला लेखक मी एकटाच, राव!

*

बैठक रविवारी दुपारी, पिठाच्या गिरणीत. जागा दामूदादानं निवडलेली. मला वाटलं, सावली हाय म्हणून. कशाचं! गिरणी चालू असली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत न्हाई, म्हणून!

गिरणी धडधडाया लागली की ह्यो बाबा वाचाया लागायचा. आमाला नुसते व्हट हललेले दिसायचे. आमी माना डोलवायचो. मास्तर "वा! वा!" करायचे. इंजिन थांबायच्या आत दामूदादाचे कागद खिशात.

"कशी वाटली?"

"फसकलास!"

एकदा मी गिरणीवाल्या शेटला डोळा मारला. त्यानं मधीच इंजिन बंद केलं. पट्टा थांबला, आन भर गिरणीत दामूदादाचा आवाज मोकळा झाला. "भोंगा वाजला. गेट उघडलं. नवऱ्याला हुडकत ती बाई पुढं सरकली, आन..."

तोंड मिटलं. दळणाला आलेल्या बाया डबे घेऊन तटस्थ. एक म्हातारी म्हणाली, "आन काय रं? घावला का तिला नवरा?"

दामूदादा पिठानं पांढरा झालेला. म्हणाला, "मला न्हाई म्हाईत, आजी."

म्हातारी भडकली. "म्हाईत न्हाई तर सांगाया कशाला बसतूस, मुडद्या!"

*

ती गोष्ट अशी. एका बाईचा नवरा कंपनीत कामाला म्हणून गावाकडनं येतो. त्याचा काय निरोप न्हाई, काय न्हाई. बाई हुडकत येती आन शिफ्ट सुटायच्या टायमाला गेटापाशी उभी राहाती. भोंगा होतो, गेट उघडतं, माणसांचा लोंढा बाहेर पडतो. बस्स. पुढं दामूदादाला काय सुचंना. ह्या गेटात तो किती वर्सं अडकला व्हता कुणास ठावं.

मी म्हणलं, "आला म्हणून टाक की नवरा. काय जातंय तुझं?"

"आला म्हणलं की खोटं वाटतं."

"मग न्हाई आला म्हण."

"न्हाई आला म्हणलं की ती बाई माज्याकडं बघती रं, इब्लिसा."

*

शंकरचं दुखणं येगळं. त्यो कविता लिहायचा आन लगोलग पुण्या-मुंबईच्या मासिकांना पाठवायचा. संगं परतीचं पोस्टाचं तिकीट. कविता बी तितक्याच लगोलग माघारी यायची, वर छापील चिठ्ठी, 'साभार परत'. शंकरनं त्या चिठ्ठ्या खोलीच्या भिंतीला खळ लावून डकवल्या. म्हणायचा, "रोज सकाळी बघतो आन जिद्द येते."

मधी त्याला पोरगी द्यायला दोघं पावणे आले. त्यातला सासरा अंगठाबहाद्दर. त्यानं भिंत न्याहाळली. एकावर एक छापील कागद, वर मासिकांची मोठाली नावं.

"हे समदं तुमीच मिळवलं?"

शंकर मान खाली घालून म्हणाला, "व्हय. लई वर्सं लागली."

"पोरगा लई शिकल्याला हाय!" म्हणत सासऱ्यानं तिथंच सुपारी फोडली!

लगीन झालं. पुढं मास्तरांनी त्याच्या बायकोला अक्षरओळख शिकवली. तिनं जन्मात पहिली वाचली ती घराची भिंत. अख्खी वाचली. दुसऱ्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या पाण्यानं भिजवून काढल्या आन पापडाच्या डब्यात खाली घातल्या.

शंकर म्हणाला, "आता पापड खाताना जिद्द येती."

पर त्यानंतर कविता काय त्यानं धाडली न्हाई कुठं.

*

मास्तर एकदा रंगात आले. "जे भोगलं ते लिहा! कल्पनेतल्या राजवाड्यात कशाला जाता?"

शंकर म्हणाला, "मास्तर, म्या दिसभर लेथपाशी हुबा राहातो. ओव्हरटाइमाला बी तिथंच. ते लिहिलं तर वाचणार कोण?"

"जो कधी लेथपाशी उभा राहिला नाही, तो वाचेल."

"आन जो राहातो, त्यो?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. चांगला स्वच्छ व्हता चष्मा. तरी लई वेळ पुसला.

*

मग मीच ठरवलं, दामूदादाला जरा हुशारी आणायची. आळंदीच्या वाटेनं एक नंदीबैलवाला यायचा. त्याला बाजूला घेतला, गुळाचा खडा दिला. म्हणलं, "मी एक सवाल इचारीन. बैलानं व्हय म्हणायचं."

"म्हणंल की. त्याचं पोट त्याच्यावरच हाय."

भर चौकात बैठक. गुबुगुबु ढोलकं वाजलं. मी वरडलो, "सांग सांग नंदी, आमच्या दामूदादाची गोष्ट छापून येणार का?"

नंदीबैलवाल्यानं दोरी हलवली. आन त्याच टायमाला बैलाच्या कानात माशी शिरली! बैलानं ही ऽऽ मान झटकली. डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. शिंगांचे गोंडे उडाले. मालक दोरी वढतोय, मी गूळ दावतोय, पर बैल न्हाई म्हंजे न्हाई!

सारा चौक हसून लोळला. शंकर तर खालीच बसला. दामूदादा उठला आन टोपी झटकली.

मी मागं पळालो. "दादा, माशी व्हती रं! आईच्यान!"

"असंल," दामूदादा म्हणाला. "पर मुक्या जनावराला आपलं मन राखाया येत न्हाई, तेवढं बरं हाय."

*

त्या हिवाळ्यात दामूदादाची छाती धरली. गावाकडनंच आणलेलं दुखणं, इथं वर आलं. पुण्याच्या दवाखान्यात टाकला. मी आन मास्तर सायकलीवर डबलसीट भेटाया गेलो. वहिनी उशाशी बसलेल्या.

दामूदादानं गोष्टीचे कागद मास्तरांच्या हातात दिले. "ठिवा तुमच्यापाशी. शेवट झाल्याबिगर कुणाला दावायची न्हाई. घ्या शपथ."

मास्तरांनी गळ्याला हात लावला.

वहिनी म्हणाल्या, "अवो, मला तरी सांगा. येतो का न्हाई तो भाईर?"

त्यानं डोळे मिटले. "सुचतंय. वाईच थांब."

परत येताना सायकल माज्या हातात, आन मास्तर चालत चालतच वाचत व्हते. दापोडीचा पूल आला तरी मान वर न्हाई. मग थांबले.

"इब्लिसा, ही गोष्ट फार चांगली आहे रे."

"मग त्याला सांगा की!"

"दर रविवारी सांगितलं. पण गिरणी चालू असताना! त्याला खरं कसं वाटावं?"

*

आता ह्यो शेवटचा किस्सा.

दामूदादा गेला. दहाव्याला पवनेच्या घाटावर पिंड ठिवला. कावळा शिवला की माणसाचं मागं काय राहिलं न्हाई म्हणतात. कावळे होते, वडावर चांगले जमलेले. पर एक बी खाली येईना.

दामूदादाचा भाऊ पुढं झाला. "दामू, पोरांना शिकवीन. माजी समजून वागवीन." काय न्हाई.

वहिनी म्हणाल्या, "मी रडत बसणार न्हाई. तुमी निघा सुखानं." काय न्हाई.

शंकर म्हणाला, "दामूभाऊ, म्या परत कविता लिहीन." एक कावळा काव म्हणाला, तेवढंच.

ऊन चढलं. भाताला मुंग्या लागल्या. भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या." वहिनींचा चेहरा बघवंना. मास्तर मागं उभे. एक कावळा कसाबसा खाली आला, उड्या मारत पिंडाच्या जवळ.

मला वाटलं, हीच येळ! मी मोठ्यानं म्हणलं, "दामूदादा, तुझी गोष्ट पुण्याला छापाया पाठवतो!"

कावळा भर्रकन उडाला तो थेट पल्याडच्या बाभळीवर!

सगळे माज्याकडं वळले. भावानं तर हातच उगारला.

"बरं, बरं! न्हाई पाठवत!" मी वरडलो. "शेवट जमल्याबिगर कुणाला दावत न्हाई! कुणाच्या हाताला लागू देत न्हाई! माज्या गळ्याशपथ!"

बाभळीवरनं कावळा सरळ खाली आला. इकडं न्हाई, तिकडं न्हाई. भातात चोच घातली.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. भावानं हात जोडले. शंकर म्हणाला, "सुटला." मंडळी आंघोळीला नदीकडं वळली.

मास्तर तिथंच उभे. त्यांनी माजा दंड धरला.

"इब्लिसा," मास्तर हळूच म्हणाले, "मी काल सकाळीच टाकली रे पोस्टात."