झोन पाडणारा माणूस

तुकडे पाडल्याशिवाय जगातली कुठलीही गोष्ट कळत नाही, असं छातीठोकपणे सांगणारा एकच इसम मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझ्याच शेजारच्या टेबलावर बसायचा. मूळचा चंदगडकडचा, नोकरीला कोल्हापुरात. पाचगावच्या अंगाला आमच्या कंपनीच्या इमारती उठत होत्या. मी स्टोअर सांभाळायचो आणि हा कामाची आखणी करायचा. कंपनीनं एक ॲप घेतलं होतं. त्यात अख्ख्या साईटचा नकाशा टाकायचा, टॅबवर बोटानं रेघा ओढून त्याचे झोन पाडायचे, प्रत्येकाला रंग आणि नाव द्यायचं, म्हणजे कुठल्या भागात कसलं काम अडलंय ते पुण्याच्या ऑफिसात बसल्या जागी दिसतं. एवढंच. पण ते ॲप याच्या हातात आलं आणि गड्याच्या अंगातच आलं!

मिसळ खायला गेलो तरी चमच्यानं आधी हद्दी आखायच्या. इकडं फरसाण, तिकडं मटकी, कांद्याला कडेची जागा. तोवर माझी बशी चाटूनपुसून झालेली. "अरे बाबा, गिळ की आता," म्हणून मी वैतागलो की हा शांतपणे म्हणायचा, "गडबड केलास की काम चुकतंय." आमच्या घराला रंग द्यायचा होता तेव्हा मदतीला आला आणि स्वयंपाकघराचेच चार झोन पाडून बसला. बायकोनं विचारलं, "भावजी, ह्यात मी कुठल्या झोनात?" तर म्हणतो कसा, "वहिनी, तुम्ही मंजुरी देणाऱ्या. तुम्हाला झोन नसतोय." आमची मंडळी त्या दिवसापासून त्याच्या बाजूला गेली ती कायमची. मला साधा चहा मिळायचा, याला वर भजी.

खरा घोळ नावांचा. कंपनीला ए, बी, सी असली सुटसुटीत नावं हवी होती. यानं घातली माळ, पाणंदीकडचं, ओढ्याकडचं, फणसाखालचं. ही याच्या गावाकडच्या रानांची नावं! आमच्या साईटवर ओढा नाही, पाणंद नाही, फणस तर औषधालाही नाही. एकदा फरशीचा ट्रक आला. नव्या पोरानं ॲपमध्ये बघून ड्रायव्हरला सांगितलं, "फणसाखाली उतरा." ड्रायव्हर बिचारा सरळ माणूस. फणस शोधत शोधत मागच्या गल्लीत गेला आणि तिथल्या एका वकिलांच्या अंगणात, खरोखरीच्या फणसाखाली, सगळ्या फरश्या नीट रचून मोकळा झाला. वकीलसाहेब गावाला गेलेले. ते आल्यावर जे काही बोलले ते मी एकट्यानं ऐकून घेतलं. परत येऊन याच्यावर तोंड सोडलं, "लेका, नोकरी घालवशील माझी! ए-वन लिहायला तुझं काय जातंय?"

तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "ए-वन म्हटलं की मला काय दिसतच न्हाय रं. फणसाखालचं म्हटलं की आमचं रान दिसतंय. तेवढंच दिवसाकाठी जाऊन आल्यागत वाटतंय." मी वकिलांच्या अंगणातल्या फरश्या भरायला गेलो.

मग त्याचे वडील गेले. वर्षश्राद्ध झालं आणि भावांनी वाटणीचा विषय काढला. भांडण कसलंच नव्हतं. थोरले आण्णा गावात शेती करायचे, धाकट्याचं गडहिंग्लजला दुकान, आणि मधला हा. आण्णांचा फोन आला, "तू मोठमोठ्या बिल्डिंगांचं तुकडं पाडतोस, आपलंबी तूच पाड." याची झोप उडाली. "तू चल माझ्यासंगं," म्हणाला. रविवारी एसटीनं आम्ही दोघं गेलो. दिवसभर हा टॅब घेऊन बांधाबांधानं फिरला. जेवायलाही आला नाही.

सांजच्याला घराच्या पुढच्या सोप्यात सगळे बसले. यानं नकाशा दाखवला. पाण्याखालची भातशेती आण्णांना, कारण राबतात ते. रस्त्याकडची पट्टी धाकट्याला, उद्या गोदाम बांधेल म्हणून. काजूची झाडं, विहिरीची पाळी, जायची वाट, सगळं इतकं चोख की धाकटा म्हणाला, "मान गये!" आण्णांनीही मान हलवली. तेवढ्यात आण्णांची बायको चहा देता देता म्हणाली, "आन् भावजी, तुमचं कुठलं?"

यानं टॅबकडं बघितलं. नकाशा मोठा केला, लहान केला, फिरवला. सगळं रान वाटून झालं होतं आणि स्वतःला द्यायचं हा विसरला होता! मला हसू फुटलं, पण आण्णांचा चेहरा बघून ते तिथंच जिरलं. आण्णा म्हणाले, "तुझं न्हाय म्हंजे? तू परत येणार न्हाईस व्हय रं?"

"येणार की आण्णा! येणारच की!" म्हणता म्हणता हा बाप्या लहान पोरागत रडायला लागला. मलाही राहवेना, मी उठून अंगणात गेलो. परत आलो तेव्हा आण्णांनी टॅब आपल्याकडं ओढला होता. आयुष्यात टॅबला हात न लावलेला तो माणूस स्वतःच्या भातशेतीत जाडजूड बोटानं एक वेडीवाकडी रेघ ओढत होता. "ह्यो तुझा," म्हणाले.

पुढं आमची साईट संपली आणि तो दुबईला गेला. तिकडं पगार बरा, पोरींची शिक्षणं व्हायची आहेत, सगळं खरं. पण त्याच्यावाचून मला मिसळ गोड लागत नाही हेही तितकंच खरं. परवा एका लग्नाला चंदगडला गेलो होतो, वाट वाकडी करून आण्णांकडं डोकावलो. चहूकडं भात हिरवागार डोलत होता आणि मधोमध एक तुकडा नुसता नांगरून, तण काढून, मोकळा ठेवलेला. पेरलं का नाही विचारलं, तर आण्णा म्हणाले, "त्यात काय लावायचं ते त्यो येऊन सांगंल की."

मी त्या तुकड्याचा फोटो काढून त्याला पाठवला. त्यानं बघितल्याच्या निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर अजून आलेलं नाही, आणि फोन करून विचारायचा मला धीर होत नाही.