जावईबापूंच्या गाडीतलं इंजिन

गॅस्केट ब्लॉकवर ठेवलं आणि भोकं जुळेनात. फिरवून ठेवलं, उलटं ठेवलं. बोल्टची भोकं एकीकडे, पाण्याची दुसरीकडे. गॅस्केट म्हणजे इंजिनचं धड आणि त्याचं वरचं झाकण यांच्यामध्ये बसणारा पातळ पत्रा. धडाला आम्ही ब्लॉक म्हणतो, झाकणाला हेड. गॅस्केट जळालं की पाणी तेलात जातं आणि गाडी रस्त्यात बसते. ही गाडी वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत, माझ्या गॅरेजच्या अगदी जवळ बसली होती. मागे वांग्यांचे क्रेट होते.

गाडी जीपसारखी, जुनी, डिझेलवर चालणारी. मालक वसंतराव तळेगावचे. भाजीपाला पिकवतात आणि वर्ध्याच्या बाजारात आणतात. मी आरसीवरचं मॉडेल वाचून गॅस्केट मागवलं होतं. स्पेअर पार्टवाल्या सेठला फोन लावला आणि चांगला झापला.

"भाऊ, माल बराबर भेजा है," तो शांतपणे म्हणाला. "इंजनही दूसरा होगा. पहले वो पता करो."

मला राग आला, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. गाडी एका मॉडेलची आणि इंजिन भलत्याच, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

"वसंतराव, हिचं इंजिन बदललेलं आहे. गाडी कुणाकडून घेतली?"

"जवाईबापूकडून."

"मग लावा त्यांना फोन. मिनिटभराचं काम."

वसंतरावांनी मोबाइल खिशात आणखी खोल सरकवला. "जवाईले कसं इचारू भाऊ? 'कोनतं इंजिन मारलं माह्या माथी' असं इचारू? पोरीचं घर हाये तिथं."

"अहो, नुसतं विचारायचंय. भांडायचं कुठे आहे?"

"इचारलं म्हंजे शक घेतला. नाई जमत. तुमीच काढा हुडकून."

जावयाला फोन करायचा नाही म्हणून अख्खं इंजिन उकलायला सांगणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहिलं. पण हेड काढलेलंच होतं. म्हटलं, चला.

इंजिनवर नंबर दोन प्रकारचे असतात. एक साच्यातूनच उमटून येतो, त्याचे आकडे फुगलेले असतात. तो म्हणजे आडनाव. एका साच्यातून हजारो ब्लॉक निघतात, त्या सगळ्यांचं आडनाव एक. दुसरा नंबर नंतर पंच मारून ठोकतात. तो एकेका इंजिनचा स्वतःचा. आरसीवर हाच लिहितात.

डिझेल आणि ब्रश घेऊन आधी आडनाव शोधलं. ते जुन्या जीपच्या घराण्याचं निघालं. पण त्या घराण्यातही लहान-मोठी भावंडं असतात. म्हणून पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिची रुंदी मोजली, पिस्टनची धाव मोजली. आकडे सेठला कळवले. त्याने दुसरं गॅस्केट पाठवलं आणि ते ब्लॉकवर असं बसलं की मला चहा सुचला.

माझं काम खरं तर इथे संपलं होतं. पण वसंतराव म्हणाले, "आता नावावर करून टाकतो गाडी." मी पंच केलेला नंबर घासून पाहिला. आरसीवरचा नव्हताच.

त्यांना सांगणं भाग होतं. इंजिन बदललं की आरटीओत त्याची नोंद करावी लागते. आणि ते कुठून आलं, कुणाचं होतं, हे दाखवावं लागतं. नाही तर पहिला संशय चोरीचा.

वसंतराव स्टुलावर बसले. त्यांच्या पत्नी कमलाबाई त्या दिवशी चष्मा करायला वर्ध्याला आल्या होत्या आणि नवऱ्यासोबत परत जायचं म्हणून बाकावर थांबल्या होत्या.

"नंबर खोडलेला नाही," मी धीर दिला. "चोरटे ग्राइंडर मारतात, त्याचे ओरखडे दिसतात."

असं म्हणत मी ब्लॉकची दुसरी बाजू पुसायला घेतली. काळ्या चिकट थराखाली लाल रंग लागला. रंग नव्हता, तेलात कालवलेला शेंदूर होता. नीट पुसल्यावर स्वस्तिक दिसलं.

मला गंमत वाटली. दसऱ्याला गाडीची पूजा बॉनेटवर होते. बॉनेटच्या आत, ब्लॉकच्या कुशीत स्वस्तिक कोण काढेल? ज्याचं इंजिन उघडं उभं असतं तोच. म्हणजे हे इंजिन कधीकाळी शेतात होतं, पंपावर किंवा मळणी यंत्रावर. आपल्याकडे जीप मोडली की इंजिन असं कामाला लावतातच.

मी हे हौसेने सांगितलं आणि पस्तावलो. वसंतराव उभेच राहिले.

"म्हंजे कोन्या तरी गरीब शेतकऱ्याचं उचलून आनलं ह्यानं! अन् थे मी वापरून राह्यलो! जवाई असन त आपल्या घरचा. मी पोलिसाइले सांगून मोकया होतो!"

"वसंतराव, जरा दमानं—"

"कोनाचं असन बिचाऱ्याचं! रडला असन थो!"

"नाई रडला," कमलाबाई बाकावरून म्हणाल्या. "त्याले पत्ताच नाई लागला."

"तुले का मालूम?"

"त्या शेतकऱ्याचं नाव वसंतराव हाये."

वसंतराव परत स्टुलावर बसले.

मग सगळं बाहेर आलं. वसंतरावांच्या वडिलांची जीप मोडल्यावर तिचं इंजिन मळणी यंत्राला लावलं होतं. पुढे मळणी ट्रॅक्टरवर होऊ लागली आणि ते ताडपत्रीखाली पडून राहिलं. जावयाच्या गाडीचं इंजिन जाम झालं तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे कमलाबाईंनी, हे ताडपत्रीखालचं गुपचूप देऊन टाकलं. घरी सांगितलं, भंगारवाल्यानं नेलं.

"मले इचारलं काऊन नाई?"

"देलं असतं का तुमी? खिळा त देत नाई कोनाले, कामी येईन म्हनता. जवाई तोंडानं मागते अन् मी नाई म्हनू?"

"म्हंजे माह्यंच इंजिन थ्यानं मलेच इकलं?"

"इंजिन कुठी इकलं? गाडी इकली. इंजिन त आत होतं."

वसंतराव आधी लाल झाले. मग आलेलं हसू त्यांना आवरेना. डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याचं की लेकीची काळजी मिटल्याचं, मी विचारलं नाही. मलाही मनापासून हायसं वाटलं. जुन्या जीपचे कागद घरीच होते, नंबर जुळला, नोंदीचं काम मार्गी लागलं.

निघताना त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि जावयाला फोन लावलाच. मी पाना हातात धरून ऐकत उभा राहिलो.

"काई नाई जवाईबापू, सहज केला फोन. गाडी एकदम झकास. इंजिन त असं हाये, जसं काई घरचंच."

तेव्हापासून कुणी जुनी गाडी आणली आणि आतलं इंजिन अनोळखी निघालं, की मी ब्रश-डिझेल नंतर काढतो. आधी विचारतो, "घरच्या बाई आल्यात का सोबत?"