गोधडीच्या कोपऱ्यातलं नाव

आज शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासासरशी तुमच्या बाबांच्या बारशाआधीची सेलूची एक दुपार आठवली. त्यांच्या गोधडीच्या कोपऱ्यात मी मशीनवर लाल रेशमाने माझं नाव भरलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "पोराच्या गोधडीवर मायचं नाव काऊन? बापाचं टाक. उसव ते."

"त्यांनी सुईत दोरा तरी ओवला का, आई?" मी विचारलं.

त्यांनी कात्री पुढे सरकवली. मी ती बाजूला ठेवली आणि नावावरून पुन्हा दाट टाके घातले, म्हणजे कुणी उसवायला गेलं तर कापडच फाटेल. आता वाटतं, नाव थोडं मोठं काढायला हवं होतं.